शितावरून भाताची परीक्षा

आमच्या घरोघर सांगितली जाणारी एक जुनी गोष्ट आहे. आईनें वेड्या मुलास बाजारांतून आगपेटी आणावयास धाडलें आणि काड्या चांगल्या पाहून घे, असें बजावलें. पोरगा हंसत परत आला. वाटेंत त्यानें पेटींतील एकेक काडी ओढून पाहिली होती आणि एकूणएक पेटली होती. ‘सगळ्या उत्तम निघाल्या’ असें सांगून त्यानें जळक्या काड्यांची पेटी आईच्या हातावर ठेविली. या गोष्टीस आपण हंसतों. पण तो पोरगा ज्या अडचणींत सांपडला होता त्याच अडचणीनें गेलीं दीडशें वर्षें दारूगोळ्याच्या कारखानदारांची झोंप उडविली आहे. जी वस्तु आयुष्यांत एकदांच उपयोगी पडावयाची, आणि उपयोगांत आणल्यावांचून जिचा खरेखोटेपणा कळावयाचा नाहीं, ती चांगली आहे असें करणाऱ्यानें कशाच्या आधारावर सांगावें आणि घेणाऱ्यानें कशाच्या आधारावर मानावें?

प्रस्तुत लेखांत आम्ही या प्रश्नाचा इतिहास एका लहानशा वस्तूच्या निमित्तानें सांगणार आहों. ती वस्तु म्हणजे काडतूस, आणि त्यांतही विशेषेंकरून पिस्तुलाचें व रिव्हॉल्व्हरचें. हिंसेच्या साधनाविषयीं कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत कशाला लिहावें, अशी शंका कोणी घेईल. तिला आमचें उत्तर इतकेंच कीं, औषधाची बंद कुपी व विजेच्या दिव्याचा फ्यूज यांची परीक्षाही याच जातीची आहे. आणि ती कशी करावी हें मनुष्य बऱ्याच अंशीं दारूगोळ्यावरच शिकला. ज्ञान चांगल्या घरीं जन्मास येतेंच असें नाहीं.

काडतूस हा शब्द आम्हांस पोर्तुगीजांनीं दिला. मुळांत ती एक कागदाची पुडी होती. आंत मोजून घातलेली दारू आणि एक गोळी. शिपाई पुडी दांतानें फोडी, दारू बंदुकीच्या नळींत ओती आणि गोळी वरून ठांसी. दारू ओली झाली आहे कीं कोरडी आहे, पुडी भरलेली आहे कीं अर्धी सांडली आहे, हें त्याला डोळ्यांनीं दिसत असे. आपल्या शस्त्राच्या पोटांत काय जातें हें जाणण्याचा त्याचा हा अधिकार कोणी लक्षांतही घेतला नव्हता. तो गेला तेव्हांच त्याची किंमत कळली. १८५७ च्या जानेवारींत कलकत्त्याजवळच्या डमडम येथें नव्या एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसांविषयीं जी कुजबुज सुरू झाली ती सर्वांस ठाऊक आहे. पुडीस लावलेलें वंगण गाईच्या व डुकराच्या चरबीचें आहे, असा तो संशय होता. पुढें २९ मार्च रोजीं बराकपूर येथें मंगल पांडे यानें शस्त्र उचललें. त्या उठावाचीं कारणें पुष्कळ आहेत, आणि एका पुडींत सगळा इतिहास बांधण्याचा आमचा हेतु नाहीं. पण त्या संशयाकडे कारखान्याच्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. ‘हिच्यांत काय घातलें आहे?’ असा शिपायांचा प्रश्न होता. प्रश्न सरळ होता. त्याला पुराव्यासह उत्तर देण्यास कोणी समर्थ नव्हता, कारण वंगण कोठून आलें, कोणीं पुरविलें, कोणीं तपासलें याचा विश्वास ठेवावा असा हिशेब कोणापाशीं नव्हता. तुम्हीं आपलें वंगण आपण लावा, अशी सवलत मागाहून देण्यांत आली. तोंपर्यंत विश्वास उडाला होता.

यानंतर दहा वर्षांच्या आंत कागदाची पुडी जाऊन धातूचें काडतूस आलें. वुलिच येथील रॉयल लॅबोरेटरीचा मुख्य एडवर्ड बॉक्सर यानें पातळ पितळी पत्रा गुंडाळून त्याचें नळकांडें केलें व बुडांत ठिणगी पाडणारी टोपी बसविली. त्याच सुमारास, १८६६ सालीं, अमेरिकेंत हायरम बर्डन यानें टोपी बसविण्याची दुसरी तऱ्हा काढली. गंमत अशी कीं, इंग्रज बॉक्सरची तऱ्हा पुढें अमेरिकेनें उचलली आणि अमेरिकन बर्डनची युरोपखंडांत रूढ झाली. असो. पत्र्याच्या गुंडाळीचें हें काडतूस कवाइतीच्या मैदानावर ठीक चालें. १७ जानेवारी १८८५ रोजीं सुदानांत अबू क्ले येथें इंग्रजी फौजेवर हल्ला झाला तेव्हां त्याची खरी परीक्षा झाली. तापलेल्या बंदुकींत नळकांडीं चिकटून बसलीं. ओढून काढावीं तर फाटूं लागलीं. वाळूनें त्यांत भर घातली. सैन्यासोबतची गार्डनर तोफही ऐन वेळीं अडली. कर्नल बर्नबी हा नामांकित प्रवासी व लेखक त्या चकमकींत पडला. गुंडाळीच्या ऐवजीं एकसंध पितळेचें, दाबून ओढलेलें नळकांडें हवें, ही गोष्ट त्यापूर्वीं लोकांना ठाऊक नव्हती असें नाहीं. परंतु खर्चाच्या कागदावर जें पटत नाहीं तें रणांगणावर चटकन पटतें.

एकसंध नळकांडें करण्याची कृति पाहण्यासारखी आहे. सत्तर भाग तांबें व तीस भाग जस्त यांच्या पितळेची जाड चकती घेतात. ती दाबून वाटी करतात, वाटी साच्यांतून ओढून लांबवितात, ओढतांना पितळ कडक होतें म्हणून भट्टींत घालून मऊ करतात, पुन्हां ओढतात. असें अनेक वेळां. आमचे तांबट भांडें ठोकतां ठोकतां मधून मधून तापवितात त्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, तांबटाच्या हाताला धातूची कुरकुर कळते, यंत्राला ती कळत नाहीं. शेवटीं बूड ठोकून घडवितात, टोपीचें खळगें पाडतात, तोंड कापून सारखें करतात. मग टोपी, दारू आणि गोळी.

आतां पिस्तुलाच्या काडतुसाची विशेष अडचण सांगतों, कारण येथेंच हा विषय रंजक होतो. काळ्या दारूच्या काळीं नळकांडें दारूनें गच्च भरावें लागे. १८८४ सालीं फ्रान्समध्यें व्हिएल यानें धूर न होणारी दारू सिद्ध केली. ही दारू इतकी जोरकस कीं, पिस्तुलाला तिचा चिमूटभर अंश पुरे होतो. अमेरिकन सैन्याच्या ०.४५ इंची पिस्तुलाचें उदाहरण घ्या. गोळीचें वजन सुमारें १५ ग्रॅम, म्हणजे सव्वा तोळा. दारू एक तृतीयांश ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पावणेतीन गुंजा. नळकांड्याचा बराच भाग रिकामाच राहतो. रायफलीच्या काडतुसांत चुकून दुप्पट दारू पडली तर ती तोंडावाटे सांडून आपली चूक आपणच सांगते. पिस्तुलाच्या नळकांड्यांत अनेक वेळां दुप्पट दारू निमूटपणें मावते, वर गोळी बसते, आणि बाहेरून कांहींच दिसत नाहीं. ती उडविणाराच्या हातांत फुटते तेव्हां कळतें.

याच्या उलट दारू मुळींच न पडली तर? आम्हांस वाटेल कीं कांहींच होणार नाहीं. तसें होत नाहीं. एकट्या टोपीच्या जोरानें गोळी नळकांड्यांतून सुटते आणि पिस्तुलाच्या नळींत मध्येंच अडकून बसते. आवाज बारीक होतो. गडबडींत त्याकडे लक्ष न जाऊन दुसरा बार काढला म्हणजे मागची गोळी पुढच्या गोळीवर आदळते आणि नळी फुगते किंवा फुटते. म्हणजे भरलेल्या काडतुसाइतकेंच रिकामें काडतूसही घातक. मग प्रत्येक काडतूस तोलून कां पाहूं नये, असें कोणीही म्हणेल. तोलतां येतें, पण उपयोग थोडा. पितळेच्या व शिशाच्या वजनांतच एकमेकांपासून जो फरक असतो त्यांत दोन-तीन गुंजा दारूचें असणें-नसणें लपून जातें. सोनाराचा कांटा आणला तरी तो एवढेंच सांगेल कीं, एकूण वजन इतकें. कमी आहे तें शिसें कीं दारू, हें त्याला विचारतां येत नाहीं. म्हणून कारखान्यांत गोळी बसविण्यापूर्वीं एक बोथट सळई नळकांड्यांत सोडून दारूची उंची चांचपण्याची योजना करावी लागली. भात शिजला कीं नाहीं हें झांकण ठेवण्यापूर्वींच पाहावयाचें!

दोषांची यादी येथें संपत नाहीं. टोपी खळग्याबाहेर केंसभर वर राहिली तर रिव्हॉल्व्हरचें चक्र फिरेनासें होतें. गोळी सैल बसली तर शेजारच्या बाराच्या धक्क्यानें पुढें सरकून तेंच करते. फुसका बार झाला तर मात्र रिव्हॉल्व्हरवाल्याचें नशीब बरें. पुन्हां चाप ओढला कीं पुढचें घर समोर येतें. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलांत तशी सोय नाहीं. तें स्वतःच्या धक्क्यावर चालतें, म्हणून एक दुबळें काडतूस सारें यंत्र अडवून ठेवतें. १९११ च्या मार्चमध्यें ब्राउनिंगच्या पिस्तुलाची अमेरिकन सैन्यानें परीक्षा घेतली तेव्हां एका पिस्तुलांतून ६००० बार काढून पाहिले. लोक त्या पिस्तुलाची तारीफ करतात, आणि ती योग्यच आहे. पण तितकी सारखीं काडतुसें पुरविणाऱ्या कारखान्याची आठवण कोणी काढीत नाहीं.

टोप्यांविषयीं थोडक्यांतच सांगतों. पहिल्या टोप्यांत पाऱ्याचें फुल्मिनेट असे. त्यांतला पारा पितळेंत शिरून तिला ठिसूळ करी. पारा काढून क्लोरेट घातलें तर त्याच्या राखेंतून मीठ उरे आणि तें हवेंतील ओल ओढून नळी गंजवी. कोंकणांत पावसाळ्यांत मिठाची बरणी पाहिलेल्यास याहून अधिक समजाविण्याची जरूर नाहीं. शिपायांना मात्र कोठेंही तेंच एक काम लागे: बार काढून झाले कीं कढत पाण्यानें नळी धुणें. १९१७ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड येथील सरकारी कारखान्यांत टोप्या दगा देऊं लागल्या आणि युद्ध चालूं असतां मसाला बदलावा लागला.

आतां हिंदुस्थानाशीं साक्षात् संबंध असलेलें प्रकरण. या देशांतील ब्रिटिश सैन्याच्या अधिकाऱ्यांना एक चमत्कार दिसूं लागला. कारखान्याच्या तपासणींतून निर्दोष म्हणून उतरलेलीं काडतुसें पावसाळाभर सांठवून ठेवलीं कीं तडकलेलीं निघत. पितळेच्या अंगावर लांबट भेगा. कोणीं ठोकलीं नाहींत, वांकविलीं नाहींत. नुसतीं पडून होतीं. पावसाळ्याशीं संबंध दिसला म्हणून या रोगास ‘सीझन क्रॅकिंग’, म्हणजे ऋतुमानानें तडकणें, असें नांव पडलें. नांव पडलें म्हणजे रोग कळला असें नव्हे. तो कळावयास १९२१ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या तिघांनीं त्याची उपपत्ति प्रसिद्ध केली. पावसाळ्यांत काडतुसें घोड्यांच्या तबेल्यांत ठेवीत. तबेल्यांत शिरणाराच्या नाकास जो वास झोंबतो तो घोड्यांच्या मूत्रापासून सुटणाऱ्या अमोनियाचा. दमट हवेंतील हा अमोनिया पितळेला लागे. पण पितळ त्यानें नुसतें काळवंडावयाचें, तडकावें कां? तर नळकांडें ओढतांना त्याच्या अंगांत जो ताण कोंडला गेला होता तो तेथेंच होता म्हणून. ताण आंतून ओढी, अमोनिया बाहेरून कुरतडी, आणि दोघांच्या संगनमतानें भेग पडे. यांतला एकटा कोणीही गुन्हेगार ठरला नसता.

या शोधाचें महत्त्व आम्हांस विशेष वाटतें. तोंपर्यंत तपासणीचा अर्थ असा होता कीं, वस्तु कारखान्याच्या दारांतून बाहेर पडते त्या क्षणीं कशी आहे हें पाहणें. माप बरोबर, वजन बरोबर, बार बरोबर, शिक्का मारा. परंतु कांहीं दोष त्या क्षणीं नसतातच. ते निजलेले असतात. वुलिच येथें माप घेणाऱ्या माणसानें आपलें काम चोख केलें होतें, आणि तरीही हजारों मैलांवर पावसाळ्यांत भेग पडली. उपाय सोपा निघाला. ओढकाम संपल्यावर नळकांडीं सुमारें २५० अंश सेंटिग्रेडच्या मंद आंचेवर धरलीं कीं कोंडलेला ताण सुटतो आणि पितळेचा कणखरपणाही राहतो.

पुण्याजवळ खडकी येथें दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आहे. तेथें झालेल्या काडतुसांच्या बुडावर ‘के. एफ.’ हीं अक्षरें व सालाचा आंकडा उमटविलेला आढळतो. तीं अक्षरें कित्येकांस शोभेचीं वाटत असतील. वास्तविक ती जबाबदारीची सही आहे. एखाद्या दूरच्या छावणींत काडतूस बिघडलें तर तें कोठचें, कोणत्या सालचें आणि त्याचीं भावंडें आणखी कोठें गेलीं असतील, याचा माग त्या चार खुणांवरून व पेटीवरील घाणाच्या क्रमांकावरून काढतां येतो. १८५७ सालीं जो हिशेब कोणापाशीं नव्हता तो हाच.

दुसऱ्या महायुद्धांत प्रश्नाचें आकारमानच बदललें. १९४२ सालीं अमेरिकेच्या इंडियाना प्रांतांतील एव्हान्सव्हिल येथें क्राइस्लर कंपनीनें आपला मोटारींचा कारखाना पिस्तुलाचीं काडतुसें करण्यास दिला. तांब्याचा तुटवडा इतका कीं, १९४३ चा अमेरिकन सेंट पोलादाचा पाडावा लागला. आमच्याकडे त्याच वर्षीं भोकाचा पैसा निघाला तो पुष्कळांनीं लहानपणीं करगोट्यांत ओंवलेला असेल. काडतुसांतही पितळेच्या जागीं पोलाद घ्यावें असें ठरलें. पोलाद पितळेसारखें लवचीक नाहीं. बार होतांच पितळ फुगून नळीस घट्ट बसतें आणि लगेच आंवळून सुटें होतें. पोलाद तितक्या तत्परतेनें आंवळत नाहीं. शिवाय तें गंजतें आणि साचे खातें. मोटारी करणाऱ्या माणसांनीं हें सारें निस्तरून ०.४५ इंची काडतुसें तीन अब्जांहून अधिक तयार केलीं. रायफलीच्या जोरकस काडतुसांत पोलाद तितकेंसें रुळलें नाहीं. पिस्तुलाचा दाब कमी म्हणून येथें साधलें.

तीन अब्ज काडतुसें! यांतलीं तपासावयाचीं किती आणि उडवावयाचीं किती? आमचे वाडवडील म्हणतील, शितावरून भाताची परीक्षा. म्हण खरी आहे. पण तिच्या पोटांत एक अट दडली आहे. भात एका पातेल्यांत, एका पाण्यांत आणि एका जाळावर शिजलेला असला पाहिजे. चार घरचा भात एका परातींत कालविला तर एका शिताची साक्ष दुसऱ्यास लागूं पडत नाहीं. म्हणून कारखान्यांत एकाच मसाल्याच्या, एकाच पितळेच्या, एकाच यंत्रावरच्या काडतुसांचा एक घाणा मानतात व त्याची परीक्षा स्वतंत्र घेतात. यंत्र आंतल्या आंत बदलत गेलें आहे कीं नाहीं हें आलेख काढून ओळखण्याची युक्ति बेल टेलिफोन कंपनींतील वॉल्टर शूहार्ट यानें १९२४ सालीं काढली. त्याचेच सहकारी डॉज व रोमिग यांनीं किती नग घेतले असतां किती चूक संभवते याचीं कोष्टकें बसविलीं. टेलिफोनचीं हीं कोष्टकें युद्धांत दारूगोळ्याला कामास आलीं.

वाचकांनीं हिशेब स्वतः करून पाहावा. समजा, एका घाण्यांत शंभरांत एक काडतूस सदोष आहे आणि आपण पन्नास उडवून पाहिलीं. पन्नासही चांगलीं निघण्याचा संभव शंभरांत साठ! हजारांत एक सदोष असेल तर तीनशें उडवूनही दोष न सांपडण्याचा संभव शंभरांत चौऱ्याहत्तर. तो दोष पकडला जाईल अशी शंभरांत पंचाण्णव खात्री हवी असेल तर सुमारें तीन हजार बार काढले पाहिजेत. हजारांत एक ही संख्या क्षुल्लक वाटते. ज्या शिपायाच्या कमरेला तें एक काडतूस असतें त्याला ती तशी वाटत नाहीं. आणि सगळीं उडवून पाहावीं तर आगपेटीवाला पोरगा आपल्याकडे पाहून हंसतो. हिशेबाच्या या दोन टोंकांमध्यें कोठें थांबावें हें गणित सांगूं शकत नाहीं. तें फक्त थांबण्याची किंमत सांगतें. उगीच नाकारलेल्या मालाचा भुर्दंड उत्पादकावर आणि चुकून पत्करलेल्या मालाचा धोका घेणारावर, असे दोन जोखमींचे हिस्से या शास्त्रानें वेगळे मांडले, ही आमच्या मतें त्याची खरी प्रामाणिकता. पूर्वीं पहिल्या जोखमीची चर्चा होत असे, कारण तिची तक्रार करावयास उत्पादक जिवंत असे.

१९४३ सालीं या हिशेबांत एक नवी गोष्ट शिरली. अमेरिकन आरमारांतील स्कायलर नांवाच्या अधिकाऱ्यानें न्यूयॉर्क येथील कोलंबिया विश्वविद्यालयांतल्या संख्याशास्त्रज्ञांपाशीं तक्रार केली कीं, तुमचें गणित हजारों बार काढावयास सांगतें. पण मुरलेल्या तोफखानेवाल्याला पहिल्या कांहीं बारांतच कळून चुकतें कीं माल कसा आहे. तक्रार शहाणपणाची होती. ॲलन वॉलिस यानें ती आपल्या मंडळींतील अब्राहम वाल्ड याच्यापुढें ठेवली. वाल्ड १९०२ सालीं तेव्हांच्या हंगेरींत जन्मलेला ज्यू. व्हिएन्नांत शिकला आणि १९३८ सालीं हिटलरशाहीपासून जीव वांचवून अमेरिकेस गेला. मागें राहिलेल्या त्याच्या आप्तांपैकीं बहुतेकांचा नाझींनीं संहार केला. वाल्डनें त्या तोफखानेवाल्याच्या अटकळीस गणिताचें रूप दिलें. किती नग तपासावयाचे हें आधीं ठरवूं नये. प्रत्येक बारानंतर तीन प्रश्न विचारावे: घाणा पत्करण्याइतका पुरावा झाला काय, नाकारण्याइतका झाला काय, कीं आणखी एक बार काढावा? या रीतीनें सरासरीनें बरेच थोडे बार पुरतात. युद्ध संपेपर्यंत ही युक्ति गुप्त ठेवण्यांत आली. तिच्यावरील वाल्डचा ग्रंथ १९४७ सालीं निघाला.

त्याच वर्षाच्या अखेरीस प्रा. महालनोबीस यांच्या कलकत्त्याच्या संस्थेच्या निमंत्रणावरून शूहार्ट हिंदुस्थानांत आला आणि १९४८ च्या आरंभापर्यंत येथील कारखानदारांस आपल्या आलेखांचा परिचय करून देत फिरला. तीन वर्षांनीं वाल्डही व्याख्यानें देण्यासाठीं आपल्या पत्नीसह या देशांत आला. १३ डिसेंबर १९५० रोजीं दक्षिणेंत प्रवास करीत असतां त्यांचें विमान निलगिरीच्या डोंगरांत कोसळलें. दोघेंही त्यांत गेलीं.